गाडी वळायची जागा

आमच्या जांभूळहोळात शहाण्या माणसांचा तुटवडा कधी पडला नाही. पंचायतीच्या कट्ट्यावर कधीही जा, पाच-सहा जण बसलेले असतात आणि त्यांना सगळं कळतं. दिल्लीत काय चुकलं ते कळतं, बेंगळूरला काय चुकलं ते कळतं. आपल्याच गावात सकाळी सहाला काय चालतं तेवढं मात्र कळत नाही, कारण त्या वेळी हे सगळे घोरत पडलेले असतात. मीही त्यांतलाच. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, आता पेन्शन खातो, आणि गाव अजून मला गुरुजी म्हणतं.

पण सांगायचंय ते मालुबाईबद्दल. मालुबाई पंचायतीची मेंबर. वय साठीचं, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. आमच्या पंचायतीत बायका चार, त्यांतल्या तिघींच्या जागेवर त्यांचे नवरे येऊन बसतात. बोर्डावर अध्यक्षा म्हणून शालूबाईंचं नाव आहे, खुर्चीत असतो त्यांचा नवरा नागोजी. शालूबाई घरी सगळ्यांसाठी भजी तळतात. मालुबाईला पाठवायला नवराच नाही, म्हणून ती स्वतः येते. सगळ्यांना तिचा त्रास होतो तो एवढ्यासाठीच.

ती निवडणुकीला उभी राहिली ती एका बससाठी. गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत, मधे काजूच्या बागा आणि रान. तिची नात आरोही बेळगावला नर्सिंगला लागली. पोरीला आई नाही, बाप गोव्यात कामाला, म्हणजे पोरीचं जे काय व्हायचं ते आजीच्या हातून. मालुबाईने डेपोचे उंबरे झिजवले. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "आजी, गाडी वळवायला जागा दाखवा, उद्या पाठवतो." शाळेमागचा माळ होता. मालुबाईने आठ दिवस तिथले धोंडे उचलले, करवंदीच्या जाळ्या तोडल्या, आणि सकाळी सहा दहाची बस सुरू झाली. कॉलेजच्या पोरी, बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका, दह्याचे डबे घेतलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या त्या बसने जायच्या. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, म्हणून कट्ट्यावरचे बहाद्दर त्यांना "फुकटे पाव्हणे" म्हणायचे. स्वतः बापाच्या पैशाच्या मोटरसायकलवर बसून म्हणायचे, हे विशेष.

गेल्या वर्षी ग्रामसभा भरली. विषय तीन. संध्याकाळी आणखी एक बस मागायची, गावचा वार्षिक कार्यक्रम ठरवायचा, आणि उद्यानासाठी निधी आलाय तो वापरायचा. बसचा विषय मालुबाईचा, म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलायला दोन मिनिटं लागली. ऑर्केस्ट्रा कोल्हापूरचा आणायचा की निपाणीचा, यावर मात्र दीड तास खडाजंगी! एकाने टेबलावर मूठ आपटली, एकाने सभात्याग केला आणि भजी आल्यावर परत आला.

आता आमच्याकडची पद्धत ऐका. सभा संपायच्या आधी चहाबरोबर वही फिरते. कोऱ्या पानावर आधी सह्या घ्यायच्या, वर ठराव नंतर लिहायचा. पंचायतीचे सरकारी अधिकारी, म्हणजे पीडीओ साहेब, वही घरी नेऊन तो निवांत लिहितात, तोही कन्नडमध्ये. मालुबाईला कन्नड फाडफाड बोलता येतं, वाचता येत नाही. मला दोन्ही येतं, पण कोऱ्या पानावर वाचणार काय? मालुबाईने सही केली. तिच्या खाली मीही केली, उजव्या हातात पेन आणि डाव्या हातात भजं.

उद्यान कुठे करायचं, तर म्हणे रिकामी जागा बघा. अकरा वाजता चार पुरुष छाती काढून गावभर हिंडले आणि त्यांना शाळेमागचा माळ रिकामा सापडला. अकरा वाजता तो रिकामाच असतो! सकाळी सहा दहाला तिथे काय असतं हे त्या चौघांपैकी एकानेही जन्मात पाहिलेलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान डोकं तरी वापरलं असं म्हणता आलं असतं.

एका शनिवारी माळाभोवती सिमेंटचे खांब उभे राहिले, तारा ओढल्या. सोमवारी बस आली आणि तिला वळता येईना. ड्रायव्हर बिचारा उलट्या गिअरमध्ये पार फाट्यापर्यंत मागे गेला, तोंडाने अखंड शिव्या घालत. मंगळवारपासून बस बंद.

मालुबाई नागोजीकडे गेली. मी तिथेच बसलो होतो.

"नागोजी, चार खांब काढ बाबा. गाडी वळंल तेवढीच वाट सोड. बाकी बाग कर न्हायतर आणि काय कर."

"मालुआक्का, ठरावावर तुमची सही हाय की," नागोजी म्हणाला. "आणि काम सरकारी हाय. खांब असं हलवता येत न्हाईत. पुढच्या सभेत बघू."

"पोरीची परीक्षा हाय रं."

"व्हय व्हय, बघू म्हटलं की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सरकारी कामाला वेळ लागतो, मालुबाई." बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि तोंडातून निघालं ते हे.

मग आजी आणि नात पहाटे पाचला चालत निघायला लागल्या. बॅटरी घेऊन आजी पुढे, पोरगी मागे. दोनदा काजूच्या बागेत गवे आडवे आले, तास-तास एका झाडाखाली उभं राहावं लागलं. फाट्यावर पोचलं तर कणकुंबीकडून येणारी बस खच्चून भरलेली, थांबायची नाहीच. आरोही कधी दहाला कॉलेजात पोचायची, कधी फाट्यावरून रडत परत यायची. गावात चार-पाच मोटारी आहेत, एकाही मालकाला सोडतो म्हणायचं सुचलं नाही. मालुबाईने पाच अर्ज दिले. पाचही पंचायतीच्या कपाटात नीट लावून ठेवलेत, टापटिपीत आमचा हात कोण धरणार?

उद्यानाच्या उद्घाटनाच्या आठवडाभर आधी कॉलेजने सांगितलं, हजेरी कमी पडली, परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष पुन्हा करा. आरोहीने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. आजीला म्हणाली, "आता मी कारखान्यातच जाते, खोली घेऊन राहते तिकडंच." हे मला तिच्या शेजारणीने, जयाबाईने सांगितलं.

आणि उद्यान म्हणाल तर तीन बाकं, सिमेंटचं एक हरीण आणि वाळलेलं गवत. फाटकाला कुलूप, किल्ली नागोजीच्या खिशात. हरणाचं एक शिंग पोरांनी उद्घाटनाआधीच मोडलेलं. तरी मांडव घातला, गावचा वार्षिक कार्यक्रमही उद्घाटनाच्याच दिवशी धरला, पुढाऱ्यांना बोलावलं, आणि पाच वाजता निपाणीहून ऑर्केस्ट्राची बस आली. भली मोठी, काचेवर झगमगती अक्षरं. ती शाळेपाशी आली आणि थांबली.

ड्रायव्हर खाली उतरला. "गाडी वळणार कुठं?"

"उलटी न्या की जरा," नागोजी म्हणाला.

"तीन किलोमीटर उलटी? मग आमी असंच परत चाललो. गाणारी मानसं आतच हाईत, उतरवत न्हाई."

नागोजीचं तोंड उतरलं. पाहुणे तासाभरात येणार, आणि ऑर्केस्ट्रा परत चाललाय! "अरं बघताय काय?" तो ओरडला. "उपटा चार खांब! लागा!"

आणि काय सांगू, सगळं गाव धावलं. पहारी आल्या, दोर आले. ज्यांना सकाळी उठवत नाही ते अंगातले सदरे काढून भिडले. मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, धोतर खोचून एका खांबाला खांदा लावला, "हं, एक, दोन" म्हणत. चौथा खांब निघाला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. बस झोकात वळली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी घाम पुसत मागे वळलो, तर शाळेच्या भिंतीला टेकून मालुबाई उभी. मेंबर म्हणून तिलाही सत्काराला बोलावलं होतं, म्हणून धुवट लुगडं नेसून आली होती. ती नागोजीकडे गेली नाही, कुणाला शिवी दिली नाही. जमिनीवर पडलेल्या खांबाजवळ आली, वाकली, त्याला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "एवढं हलकं हुतं व्हय हे?"