रक्तातली अक्कल

माझ्या भाचीला बघायला भोरची मंडळी मार्गासनीला आली, तेव्हा मुलाच्या काकांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि खिशातून मोबाईल काढला. पूर्वी मुलीला चालून दाखव म्हणायचे. या गृहस्थांनी तिला बुद्धिमापन चाचणी सोडवायला दिली. कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामपणी काय सुचेल याचा नेम नसतो.

भाचीने ती चुटकीसरशी सोडवली. सोडवणारच. शाळेसाठी ती लहानपणापासून भोरला माझ्याकडे राहिली आणि मी पडले मास्तरीण. गटात न बसणारा शब्द ओळखा, पुढची आकृती कोणती, हे सगळं स्कॉलरशिपच्या वेळी घोटवून घेतलेलं. काका खूश झाले. मग म्हणाले, आता मुलीच्या आईनेही सोडवावी. हुशारी रक्तात असते म्हणे, नातवंडं कशी निपजतील ते आईवरून कळतं.

मुलीची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. तिची शाळा तिसरीत सुटली. तिने पदराला हात पुसून मोबाईल धरला. गाय, म्हैस, शेळी, गोठा, यात वेगळं कोणतं? तिने शेळीवर बोट ठेवलं. "शेळी आमी पडवीत बांधतो, बिबट्याच्या भ्यानं," ती म्हणाली. काका हसले. मुलाची आईही पदर तोंडाला लावून हसली. मुलगा मान खाली घालून बसून राहिला. शेवटी आक्काला किती कमी गुण पडले ते काकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि दिवाळीनंतर कळवतो म्हणाले.

निघताना मी त्यांना विचारलं की मग मुलीला आईपेक्षा इतके जास्त गुण कसे पडले. उत्तर तयार होतं. हल्ली प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून हुशारच निघते, जगभर असंच आहे. मी म्हटलं, मग रक्ताचं काय झालं? एका पिढीत ते असं किती बदलतं? त्यावर त्यांनी चहा छान झाला होता असं सांगितलं आणि चपला शोधायला लागले. असल्या दीडशहाण्यांचा मला मनापासून तिटकारा आहे.

आक्का आणि मी एकाच आईच्या पोटच्या. तरी ती चाचणी मी डोळे झाकून सोडवीन. आई-बाप शेतावर गेले की धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी घरी लागायचं, म्हणून थोरली घरी राहिली आणि मी शाळेत गेले. फरक आहे तो एवढाच. पोटाला नीट मिळालं, शाळा मिळाली, कागदावरच्या चित्रांवर डोकं चालवायची सवय लागली की पुढच्या पिढीचे गुण वाढतात. त्यासाठी रक्त बदलावं लागत नाही. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांना स्वतःच्या खानदानाचं कौतुक करायला निमित्त हवं होतं.

आक्काने मात्र ते मनाला लावून घेतलं. आपल्यापायी पोरीचं चांगलं स्थळ जाणार, हा एकच घोर. भाचीच्या मागे लागून ती रोज मोबाईलवर कोडी सोडवायला बसू लागली. आधी चिडली, एकदा रडलीही. मग एक दिवस मला फोन करून म्हणाली, "आता समजलं बघ. वस्तू कुठं आसती, कशाला लागती, ह्ये त्यांला नगंच हाय. ती कसली हाय, तेवढंच इचारत्यात." पुस्तकं वाचूनही कित्येकांना हे उमगत नाही. त्यानंतर तिची उत्तरं बरोबर यायला लागली.

दिवाळीनंतर आक्कानेच निरोप धाडून त्यांना बोलावलं. काका मुलाला घेऊन आले, मोबाईलही आणला. आक्काने ताठ बसून नवी चाचणी सोडवली. काका निकाल बघून म्हणाले, आईत चांगलीच सुधारणा आहे, तेव्हा आमचा होकार समजा.

"माझा नकार आहे," भाची म्हणाली. "तुम्ही माझ्या आईला हसलात तेव्हा हे गप्प बसले होते."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही. मंडळी गेल्यावर आक्काकडे बघितलं तर ती रडत होती. पुढे कितीतरी दिवस ती आम्हा दोघींशी बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा ती कुठल्या परीक्षेत पास झाली होती, आणि आम्ही ते पाण्यात घालवलं होतं.