मिशनचं पारडं

माझ्या मामसासऱ्यांच्या मते या पृथ्वीवर माणसांचे दोनच प्रकार आहेत: मिशनच्या दवाखान्यात जन्मलेली आणि उरलेली. उरलेल्यांत राजे-महाराजे, मंत्री, क्रिकेटपटू आणि मी, एक शाळामास्तर, असे सगळे येतो. बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीहून कटंगीकडे निघालं की धानाच्या बांध्यांमध्ये तो जुना कौलारू दवाखाना लागतो. फाटकावर क्रूस, आत चिंचेची दोन झाडं आणि बाळंतिणींच्या वॉर्डात एक पितळी पारडं. जन्मल्याबरोबर त्या पारड्यात ज्याचं वजन झालं, तो माणूस मामाजींच्या लेखी खानदानी. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना पगार, शेती, नातीगोती सगळं विचारून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोट्टा झाला कोठी?" किरनापूरला, घरीच, असं कळल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. आता लग्न मोडतं, असं मला वाटलं. तेवढ्यात आईला आठवलं, की लहानपणी काविळीसाठी मला त्याच दवाखान्यात आठवडाभर ठेवलं होतं. बशी पुन्हा ओठांशी गेली. "मंग आपलाच हाये," मामाजी म्हणाले, आणि माझा संसार मार्गी लागला.

मामाजी जन्मभर कटंगीच्या रस्त्यावर खासगी बसचे कंडक्टर होते. दवाखान्याच्या फाटकाशी सरकारी दृष्टीनं थांबा नव्हता, पण मामाजींची गाडी तिथं थांबल्याशिवाय कधी पुढे गेली नाही. उतरणारं कुणी असो वा नसो. ड्रायव्हर कुरकुरला तर म्हणायचे, "देवळापुढून जातानी तू हात जोडतं का नाई? मंग?" गाडीत कुणी दोनदा खोकलं की त्याची गठडी फाटकाशी उतरलीच म्हणून समजा. वारासिवनीच्या एका कापडवाल्याला तंबाखू-सुपारीचा खर्रा लागून ठसका आला, तर त्यालाही त्यांनी कापडाच्या गठ्ठ्यासकट खाली घेतलं. तो बिचारा "अरे भाई, मुझे कुछ नहीं हुआ" म्हणत राहिला आणि गाडी निघून गेली. दिवसभर चिंचेखाली बसून त्यानं मामाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत गेलाच होता म्हणून तपासून घेतलं, तर रक्तात साखर निघाली. पुढच्या बाजाराला तो आपणहून त्याच फाटकाशी उतरला आणि सोबत बायकोलाही घेऊन आला.

दवाखान्याचा इतिहास मामाजींना तोंडपाठ आहे असं म्हणवत नाही, कारण पाठ असलेली गोष्ट दर वेळी बदलत नाही. त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी दवाखान्याचा फोटो टांगलेला आहे. आल्यागेल्याला पाणी देण्याआधी ते त्या फोटोपुढे उभं करतात. समुद्रापलीकडून आलेल्या डॉक्टरीणबाई, त्यांचं गवताच्या छपराखालचं पहिलं ऑपरेशन, पुरातून डोंग्यात बसून गाठलेली बाळंतीण, हे सगळं ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. त्यातली खासियत म्हणजे जंगलात जखमी झालेल्या माणसाची गोष्ट. मी नवा जावई होतो तेव्हा त्याला अस्वलानं ओरबाडलं होतं. पुढे अस्वलासोबत पिल्लू आलं. हल्ली अस्वलाचा वाघ झाला आहे. मी एकदा म्हटलं, "मामाजी, मागच्या खेपेला अस्वल होतं." ते जराही डगमगले नाहीत. "मास्तर, जखम शिवली कोणं? बाईनं. वाचला का नाई? वाचला. मंग जनावराचं काय घेऊन बसले?"

या सगळ्या वेडामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बसस्टँडवर, बोलता बोलता. त्यांच्या आईची आधीची दोन्ही लेकरं घरीच झाली आणि घरीच गेली. तिसऱ्या खेपेला लोकांची बोलणी खात ती बैलगाडीत बसून मिशनमध्ये गेली. "माय सांगे, पारड्यात मी रडलो तवा तिले वाटलं, आता हा राह्यते." एवढं बोलून त्यांनी समोरच्या प्रवाशाला उगाचच कटंगीची गाडी दाखवली.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती लेक प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई नागपूरचे. त्यांना नागपूरलाच सोय हवी होती, पण पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाचा मामाजींनी असा काही पाढा वाचला, की जावयांनी हात टेकले. आणि माहेर म्हणजे मिशन. दवाखाना आता पूर्वीचा राहिला नाही, हे आम्ही सगळे जाणत होतो. मामाजीही जाणत होते, पण कबूल करत नव्हते. दिवस भरले आणि कळा सुरू झाल्या. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. झारखंडकडच्या, वयानं प्रणालीएवढ्याच. "बाबूजी, बच्चा आड़ा हो गया है. ऑपरेशन लगेगा, और हमारे पास अब बेहोशी के डॉक्टर नहीं हैं. अभी बालाघाट ले जाइए." मामाजींचा चेहरा उतरला. "बाई, मी इथंच झालो. माही पोरगी इथंच झाली. काहून नाई होणार?" मला वाटलं, हा माणूस आता अडून बसतो आणि लेक हातची जाते. बाई शांतपणे म्हणाल्या, "जिस डॉक्टर के हाथों आप पैदा हुए, वो आज यहाँ होतीं तो वो भी यही कहतीं."

मामाजी क्षणभर पायरीवर बसले. मग उठले. दवाखान्याच्या गाडीत प्रणालीला झोपवलं, जावयांना आत ढकललं, स्वतः मागच्या दाराशी उभे राहिले आणि जुन्या सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारून ओरडले, "जाऊ द्या!" जन्मभर ज्या फाटकाशी त्यांनी प्रत्येक गाडी थांबवली, तिथून त्या दिवशी त्यांनी गाडी सोडली. मला त्या माणसाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

बालाघाटला ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आम्ही मागून पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की वेळेवर आणलंत म्हणून निभावलं. "आणलं नाई, पाठवलं," मामाजींनी दुरुस्त केलं. "आमच्या दवाखान्यानं पाठवलं." तेव्हापासून त्यांच्या इतिहासात हा नवा प्रसंग आला आहे. त्यात बालाघाटचं नावही नसतं.

सव्वा महिना झाला तसे नातीला घेऊन आम्ही मिशनमध्ये गेलो. नवा काटा आल्यापासून पितळी पारड्यात कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात. डॉक्टरीणबाईंनी त्या स्वतः काढल्या, पदराच्या टोकानं पारडं पुसलं आणि पोरीला त्यात निजवलं. जुन्या पारड्याची सुई गंजलेली, जागची हलली नाही. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर है, बाबूजी." पोरगी तोंड फाडून रडायला लागली. सगळे हसलो.

तिला उचलून घेतल्यावरही मामाजी तिथंच उभे राहिले. पारड्याच्या कडेवर हात ठेवून मला म्हणाले, "मास्तर, माह्या मायनं हेच रडणं आयकलं असन." आणि परतताना आमची गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा त्यांनी ती थांबवायला लावली. उतरणारं कुणी नव्हतं.