बऱ्या माणसांना विचारणारे आण्णा

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फोन करणाऱ्या पोरीलाच झाडलं. हल्ली अनोळखी नंबरवरून 'तुमचा माणूस दवाखान्यात आहे' असं कुणी म्हणालं की माझा पहिला सवाल ठरलेला, आधी तू कोण ते सांग. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली निम्मी गेटवर. समोर माणूस आला की आधी त्याचे हात बघायचे, तोंड नंतर. मी तिला एकामागून एक तीन प्रश्न विचारले, आणि तिसऱ्याला ती रडायला लागली. म्हणाली, "मामा, मी आश्विनी. आण्णांची आश्विनी. पप्पांचा फोन सापडंना म्हणून नवऱ्याच्या फोनवरनं लावलाय..." सांगलीच्या दवाखान्यात पहाटे हृदय बंद पडलं होतं. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ गेला आणि मी त्याच्या लेकीची उलटतपासणी घेत बसलो होतो. लाज वाटली. पण खरं सांगतो, फोन ठेवल्यावरही मी आणखी एका पाहुण्याला फोन करून खात्री करून घेतली.

संशय आण्णांच्याही अंगात होता, पण त्या संशयाची जात वेगळी. ते आरोग्य खात्यात सहायक होते. शालनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लग्न ठरवायला ते उंब्रजजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा पोहे पुढे आले तरी हात लावला नाही. खिशातून एक छोटी बाटली काढली, आमच्या रांजणातलं पाणी नळीत घेतलं आणि त्यात थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. पिवळं झालं तर जंतू मारायचं औषध घातलेलं असतं, म्हणाले. माझ्या वडिलांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मुलगी द्यायला आलाय की पाणी तपासायला? मी तर जागेवरच ठरवलं होतं की हे स्थळ गेलं खड्ड्यात. आण्णा शांतपणे म्हणाले, "पोरगा बरा हाय, पाणी तेवढं उकळून प्या." आणि मग पोहे खाल्ले. पुढे माझं नि आण्णांचं जमलं, तरी एकमेकांवर नजर ठेवूनच.

गावच्या देवळाचा कळस चढवला, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. चैत्रातलं ऊन. गावजेवणाची आमटी-भात शालनच्या बचत गटानं केली होती. शाळेतल्या पोरांची खिचडीही तोच गट शिजवायचा, आणि शालन त्या गटाची अध्यक्ष. त्याच दिवशी दुपार कलायच्या आत माणसं ओकायला लागली. गल्लीगल्लीतून जुलाब. काहींना सलाईन लागलं. जिवावर कुणाच्या बेतलं नाही, पण भीती काय असते ते त्या दिवशी बघितलं. आणि संध्याकाळपर्यंत गावानं निकालही लावला. आजारी माणूस बघावा तर आमटी खाल्लेला. मग आमटीच की, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी शाळेतनं निरोप आला, चौकशी होईतोवर गटानं खिचडी शिजवू नये.

चौकशीला आले ते आण्णाच. आमच्या आरोग्य केंद्राचे मोठे डॉक्टर रजेवर होते, दुसरं कुणी नव्हतं. मला हे पटलं नाही. बहिणीच्या आमटीची चौकशी भाऊ करणार, हा कुठला न्याय? मी चहाच्या टपरीवर, चार माणसांत, मोठ्यानं बोललो की आण्णा आकडं फिरवून बहिणीला सोडवणार, बघा. नवऱ्यानंच हे म्हटल्यावर गावाला आणखी काय पाहिजे?

आण्णांनी पाठकोरी वही काढली आणि पट्टीनं चार घरं आखली. आडवं खाल्लं आणि न खाल्लं, उभं आजारी आणि बरं. एवढंच. माझ्या नातीच्या खेळातही याहून जास्त घरं असतात. मग ते निघाले, पण आजाऱ्यांकडे थोडा वेळ आणि बऱ्या माणसांकडे दिवसभर. धडधाकट माणूस ओट्यावर बसलेला असायचा आणि हे जाऊन विचारणार, आमटी खाल्ली का, भात खाल्ला का, ताक प्यालात का. माणसं वैतागली. मला काय झालंय, मला कशाला इचारताय, म्हणून दोघांनी दारं लावून घेतली. कुणी विष घातलं ते शोधतायत, अशीही आवई उठली. मीही वहीत डोकावून म्हणालो, आण्णा, बऱ्या माणसांचं काय लोणचं घालायचंय?

ते म्हणाले, "दाजी, आजारी माणूस निम्मंच सांगतो. उरलेलं निम्मं बऱ्याजवळ असतं."

चौथ्या दिवशी त्यांनी आमटीचा तक्ता मला दाखवला. आमटी खाल्लेल्या दर दहांत चार आजारी. आणि न खाल्लेल्या दर दहांतही चारच. आमटी गावात बहुतेक सगळ्यांनीच ओरपली होती, म्हणून आजारी माणूसही आमटीवालाच निघणार, ते समजावून सांगत होते. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आलं का बहिणीच्या बाजूला! त्यांचं बोट मात्र एकाच घरावर थांबलं होतं, न खाल्लेले पण आजारी. त्यात उपवास धरलेल्या काही बायका होत्या. मी म्हणालो, खोटं बोलत असतील, चोरून जेवल्या असतील, खोडून टाका. आण्णांनी खोडलं नाही. त्या बायकांकडे ते पुन्हा गेले आणि खाणं सोडून बाकी सगळं विचारलं. देवळात कवा गेलात, कुठं बसलात, हातावर काय घेतलंत. एक म्हातारी म्हणाली, काय न्हाई, तीर्थ तेवढं. अभिषेकाचं पंचामृत. तोवर गावातल्या एकाही माणसानं ते सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे तीर्थ कुणी खाण्यात धरत नाही. ते देवाचं. ते पोटात जातं हेच कुणाच्या ध्यानात नाही.

आण्णांनी नवीन चार घरं आखली आणि अख्खं गाव पुन्हा पालथं घातलं. तीर्थ घेतलेल्या दहांत सात आजारी, न घेतलेल्यांत एखादा. मग विचारलं, किती वाजता घेतलं? नवाच्या आधी घेतलेले बहुतेक ठणठणीत, नवानंतरचे आडवे. त्या संध्याकाळी ते आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले, वही मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "दाजी, नवानंतरचं दूध कुठलं हुतं?"

"सकाळचंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

दूध सकाळचं नव्हतं. डेअरीच्या दुधावर माझा विश्वास नव्हता, कोण काय मिसळतं सांगता येत नाही. देवाला निरसं, न तापवलेलं दूधच लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्या गाईचं काढलेलं दूध मी किटलीत घालून देवळाच्या कोठीत ठेवलं, आणि कुणी पाणी ओतू नये म्हणून कुलूप लावून किल्ली खिशात घातली. कोठीला वर पत्रा, खिडकी नाही. सकाळी गावातनं आलेलं ताजं दूध नऊला संपलं, तेव्हा मी मोठ्या रुबाबात कुलूप काढलं. थोडं आंबूस लागलं, पण पंचामृतात दही असतंच की. माझ्या संशयानंच गाव आजारी पाडलं, हे आण्णांच्या दुसऱ्या तक्त्यानंच मला कळलं. आणि मी गप्प बसलो. फौजेतला मान, कळसाच्या समितीतलं नाव... भ्यालो, दुसरं काय!

अहवालात पंचामृत आलं. खिचडीचं काम गटाला परत मिळायला हवं होतं, पण गाव म्हणालं, भावानं बहिणीला सोडवलं. वाक्य माझंच, मी टपरीवर पेरलेलं. काम दुसऱ्या गटाला गेलं. शालनला कुणी बारशाला स्वयंपाकाला बोलवेना. हळदीकुंकवाला बायका यायच्या, वाण घ्यायच्या आणि पोह्याची ताटली तशीच ठेवून जायच्या. ताटल्यांतले पोहे दुसऱ्या दिवशी गाईपुढे जायचे.

आण्णांची बदली पुढे सांगली जिल्ह्यात झाली. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांवर फवारणी करणाऱ्यांच्या हातांना खाज सुटायची, तर तिथंही यांची चार घरं. हातमोजे घातलेले, न घातलेले. आणि खाज नसलेल्या माणसाच्या मागं लागून त्याचा हात उलटसुलट बघायचं. भेटलो की हे सगळं रंगवून सांगायचे. कळसाचं पुन्हा कधीच काढलं नाही, आणि मी त्यावरही संशय घेत राहिलो. यांना ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर बोलत का नाहीत? नसेल तर असे का बघतात? एवढ्या वर्षांत त्यांच्याबरोबर एक कप चहासुद्धा मी स्वस्थपणे प्यालो नाही.

तेराव्याला आश्विनीनं आत्याला म्हणून आण्णांच्या वह्यांचं गाठोडं शालनच्या हाती दिलं. गावी आल्यावर, शालन मागच्या परड्यात होती तेव्हा, मी ते सोडलं. हो, चोरासारखंच. ती वही सापडली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'दूध सकाळचं, सांगण्यावरून.' आणि त्यापुढे, पेन्सिलीनं, दोनच शब्द. 'पुन्हा विचारणे.'

शालन आत आली तेव्हा वही माझ्या हातातच होती. मी तिला सांगून टाकलं, कुलूप, किल्ली, सगळं. ती खाली बसली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "किल्ली तुमच्याच खिशात हुती की. आण्णा दुसऱ्या दिवशी परत इचारायला आलाता. मीच दारातनं माघारी लावला. म्हटलं, त्यास्नी नगंस इचारू, माझं काय व्हायचं ते हू दे."

मला राग आला. तिचा, आण्णांचा, कुणाचा ते कळेना. मी म्हणालो, मग मला का नाही बोललीस, एवढी वर्षं?

"तुमीच कवातरी सांगशिला म्हणून," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

ती वही आता आमच्या सोप्यात असते. 'पुन्हा विचारणे'च्या पुढची जागा आण्णांनी मोकळी सोडली होती. तिथं मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे, दूध आदल्या संध्याकाळचं, निरसं, माझ्या कुलुपातलं. खाली सही केली. आण्णा असते तर त्यांनी तारीखही मागितली असती, म्हणून तीही घातली.

पेपरची ही पुरवणी आमच्या गावात पुष्कळ घरी येते. ज्यांनी शालनच्या हातचं खायचं सोडलं, त्यांनी वाचावं, एवढ्यासाठीच लिहिलं.