तिसऱ्या वाराआधी

मिरकरवाडा बंदरात सानिकाला तोंडाने न ओळखणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण आवाजाने न ओळखणारं एकही नाही. ट्रॉलर धक्क्याला लागले, मासळीच्या टोपल्या वर आल्या की लिलाव पुकारायचा तो सानिकाने. एकीकडे इंजिनं धडधडतायत, दुसरीकडे बर्फाच्या लाद्या भरडल्या जातायत, डोक्यावर घारी आणि कावळे, आणि या सगळ्या गदारोळाच्या वर तिचा आवाज. "बोला, सुरमई बोला! एक वार... दोन वार..." आणि मग ती गप्प व्हायची.

खरी करामत त्या गप्प होण्यात होती. बाकीचे पुकारणारे एक वार, दोन वार, तीन वार असं एका दमात उरकून मोकळे होतात. सानिका दोन वार म्हटलं की ओठ मिटून गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत राहायची. चार माणसं गप्प उभी राहिली की त्यातल्या एकाला तरी दम निघत नाही. तो बोली वाढवायचा, मग "तीन वार!" आणि टोपली रवाना. हे ती आईकडून शिकली होती. दमयंतीने ऐन उमेदीत याच धक्क्यावर पुकारा केला आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर लेकीच्या गळ्यात टाकला.

आता धक्क्यावर जे गुण ते घरात अवगुण. शाळेत बाईंनी सांगितलं हळू बोल, लग्नात भटजींनी सांगितलं हळू बोल, सासरी तर शेजारच्या आळीतून निरोप यायचा. नवरा हर्षद ट्रॉलरवर खलाशी. तो म्हणायचा, मी दर्यात असलो तर मोबाईलला खर्च कशाला करतेस, दारात उभी राहा आणि हाक मार. सानिका हसायची, पण कुठेतरी लागायचंच. आपल्या आवाजाने माणसं वळतात ती गप्प करायला वळतात, हे तिला पोरवयातच कळलं होतं.

दिवस गेले तरी तिने पुकारा सोडला नाही. पोट पुढे आलं तशी ती टोपल्यांपासून जरा लांब उभी राहायला लागली, एवढंच. एक मजा मात्र रोज व्हायची. दोन वार म्हणून ती थांबली, की उजव्या बरगडीखाली आतून एक लाथ बसायची. तीन वार म्हटलं की सगळं शांत. ती हर्षदला म्हणाली, हे तुझं पोर बोली लावतंय बघ. दोघं पोट धरून हसली आणि विसरूनही गेली.

बाळंतपणाच्या दिवशी सगळ्यांना धास्ती होती ती तिच्या ओरडण्याची. हर्षदची बहीण दिशा सोबत आली होती, ती म्हणाली की आज दवाखान्याचं छप्पर काही जागेवर राहत नाही. आणि झालं भलतंच. कळा सुरू झाल्यापासून सानिकाच्या तोंडून हूं की चूं नाही. खाटेची दांडी धरून, डोळे ताणून, ती नुसती श्वास ओढत होती. नर्स म्हणाली, "ओरड गो बाय, इथे कुणी काही बोलत नाही." तरी नाही. सानिका नंतर सांगायची, आतून एवढं मोठं काहीतरी येत होतं की त्याच्यापुढे आपण तोंड उघडायचं, हे बरं दिसलं नसतं.

मग बाळ बाहेर आलं. आलं आणि रडेना. नर्सबाईंचे हात भराभर चालत होते, नाकातोंडातलं पाणी काढत होते, पाठ चोळत होते. सानिकाला काही दिसत नव्हतं, नुसती ती शांतता ऐकू येत होती. तिच्या नकळत तिचे ओठ हलले. एक वार. दोन वार. पुढचा शब्द तिला उच्चारवेना. आणि तेवढ्यात असं काही ट्यांहां झालं की बाहेर बाकावर बसलेली दमयंती ताडकन उठून उभी राहिली. "मुलगी," नर्स म्हणाली, "आणि आवाज बघा तिचा."

ओलं, उबदार, जांभळट गुलाबी असं ते अंग छातीवर ठेवल्यावर सानिका रडायला लागली. नर्सने तिला म्हटलं, जरा थांब, अजून वार पडायची आहे. बाळ आल्यावर मागून जी येते ती वार. पण सानिकाच्या डोक्यात वार एकच. त्या अर्धवट शुद्धीत ती डोळे न उघडता म्हणाली, "दोन झाले, तिसरा राहिलाय." खोलीभर हसू फुटलं. ही गोष्ट पुढे बंदरभर झाली, अजून होते.

घरी सोडण्याआधी बाळांचे कान तपासतात. कानात बारीकशी बोंडं घालून मशीन लावतात. सानिकाच्या मुलीला लावलं, पुन्हा लावलं, मशीन काही हो म्हणेना. डॉक्टर शांतपणे म्हणाले की पुष्कळ बाळांच्या कानात आतलं पाणी राहून जातं, सव्वा महिन्याने पुन्हा बघू, काळजी करू नका. आता कुणी काळजी करू नका म्हटलं की माणूस नेमकं तिथूनच सुरुवात करतं.

माहेर वरच्या आळीला, बंदरापासून लांब, आंब्याच्या बागेला लागून. दमयंतीने बाळंतिणीची खोली तयार ठेवली होती. खिडक्या बंद, दार लोटलेलं, शेगडीत निखारे. सानिकाच्या डोक्याला आणि कानांना घट्ट रुमाल, वारा जायला नको म्हणून. बाळाला टोपडं, कानात तेलाचे बोळे. शिवाय बाळंतिणीने मोठ्याने बोलायचं नाही, पोटात वारा भरतो, ही ताकीद. घरातली भांडीसुद्धा हळू ठेवायची. जन्मात पहिल्यांदा सानिका गप्प होती. आणि दुपारी घर असं चिडीचूप झालं की पोर रडायला सुरुवात करायची, ती थांबायचं नावच घ्यायची नाही.

दमयंतीने हिंगाचं पाणी बेंबीला चोळलं, ओव्याची पुरचुंडी शेकून पोटाला धरली, दृष्ट काढली. काही उपयोग नाही. मग कंटाळून ती स्वयंपाकघरात जायची, खोबऱ्याचं वाटण करायला मिक्सर लावायची, आणि पोर गप्प. दमयंतीला वाटायचं, हिंग आत्ता कुठे लागू पडला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळे बाळाच्या पोटाकडे बघत होते.

सानिका मात्र बाळाकडे बघायची ती बघतच राहायची. सकाळी दमयंती पाय पसरून पोरीला पायावर घ्यायची, तेल चोळून ऊन पाणी घालायची, आणि सानिका शेजारी बसून तिच्या बोटांची नखं बघायची. तांदळाच्या कणीएवढी नखं, प्रत्येक बोटाला एक, कुठे चूक नाही. पापण्यांचे केस. पायाच्या तळव्यावरच्या रेषा. हे सगळं आपल्या आत झालं, आणि आपण तेव्हा धक्क्यावर उभं राहून बांगडे विकत होतो? आपल्याला विचारलंसुद्धा नाही कुणी. तिला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. आणि मग नजर त्या इवल्या कानांवर जायची. तेही तसेच बिनचूक दिसत होते, पण आतलं कुणी बघितलंय?

एक दिवस राहवलं नाही म्हणून तिने पाळण्यामागे स्टीलचं ताट सोडलं. दमयंती केवढ्याने दचकली. पोर झोपलेलीच. मग हर्षद बोटीवरून आला तो पिशवीत भोंगा घेऊन. अंगणात उभा राहून त्याने तो वाजवला. आळीतली कुत्री भुंकली, शेजारचे आत्मारामकाका धोतर सावरत शिव्या देत बाहेर आले. पोरीने झोपेत तोंड हलवलं आणि कूस बदलल्यासारखं केलं. बस्स. हर्षद पायरीवर बसला, भोंगा मांडीवर घेऊन, कितीतरी वेळ.

बारसं झालं. पाळणा सजला, बायका जमल्या, दिशा आत्या म्हणून पुढे झाली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने "कुर्रर्र" केलं, राही असं नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. हशा, टाळ्या, घुगऱ्यांची ओंजळ, नुसता गोंधळ. राही तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. एक म्हातारी म्हणाली, काय गुणाची पोर, जरासुद्धा दचकली नाही. सानिकाने पाळण्याची दोरी सोडून दिली.

बायका गेल्यावर तिने रुमाल सोडून आईच्या मांडीवर डोकं टाकलं. "आई, माझ्याकडे या आवाजाशिवाय दुसरं आहे काय गो? साऱ्या गावाला नको असताना पोचतो. हिलाच पोचला नाही तर मी हिची कोण?" दमयंती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

सव्वा महिना झाला. पुन्हा कान तपासायचा दिवस आला. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडायची, तर आधी दर्याच्या पाया पडायचं, असं त्यांच्यात आहे. हर्षदने रिक्षा बंदराकडे घ्यायला लावली. लेक बाळंतपणात म्हणून दमयंती गुडघ्यांना पट्टे बांधून पुन्हा पहाटेच्या पुकाऱ्याला उभी राहत होती, ती आधीच धक्क्यावर गेली होती. नारळ वाढवला, दर्याला हात जोडले, आणि सानिका राहीला छातीशी धरून लिलावाच्या गर्दीकडे वळली.

काय तो आवाज! बर्फ भरडतंय, दोन ट्रॉलर एकदम इंजिनं रेटतायत, हमाल ओरडतायत, कावळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलंय. आणि राही? रिक्षात किरकिर करणारी पोर धक्क्यावर पाय ठेवल्याठेवल्या झोपली. हात सैल, चेहरा शांत. सानिकाने हर्षदकडे बघितलं, हर्षदने मान फिरवली. याहून वेगळी तपासणी ती कसली?

पुढे दमयंती पुकारत होती. बांगड्यांची टोपली होती. "एक वार... दोन वार..." आणि म्हातारीला ठसका लागला. खोकला आवरेना. पुकारा तिथेच अडकला.

सानिकाच्या उजव्या बरगडीवर खाडकन लाथ बसली.

बाहेरून बसली होती. पण जागा तीच, जोरही तोच. सानिकाने खाली बघितलं तर राहीचे डोळे टक्क उघडे. कपाळाला आठी, श्वास रोखलेला. दमयंतीने कसाबसा घसा खाकरून "तीन वार" म्हटलं, आणि पोरीचं अंग सैल पडलं, डोळे मिटले.

सानिका जागच्या जागी थिजली. मग तिच्या डोक्यात सगळं भराभर उलगडत गेलं. मिक्सर लागला की गप्प. घर निजलं की रडणं. अरे देवा, ही पोर आवाजाला कशाला दचकेल? नऊ महिने ती या धक्क्यावरच तर राहिली होती! हा गदारोळ तिचं घर होता. आम्ही तिला घरातून उचललं, कानात बोळे घातले, दारं लावली, आणि वर ताटं वाजवून विचारत बसलो की ऐकू येतं का.

"आई, पुन्हा म्हण," ती ओरडली. सव्वा महिना कोंडलेला आवाज असा सुटला की हमाल थांबले. बांगडे विकत घेतलेला रघू म्हणाला की टोपली माझी झाली, आता पुन्हा कसला लिलाव. पण दमयंतीने लेकीचं तोंड बघितलं, नातीकडे बघितलं आणि ती ओळखून चुकली. तिने दोन्ही हात वर केले. कुणीतरी बर्फाचं मशीन बंद केलं. हर्षदने धावत जाऊन ट्रॉलरवरच्यांना इंजिनं थांबवायला लावली. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर भर लिलावात शांतता, हे तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानेही कधी अनुभवलं नव्हतं. राहीने डोळे उघडले आणि तोंड वाकडं केलं, आता रडणार.

दुपारी डॉक्टरांनी मशीन लावलं आणि दोन्ही कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. हर्षदने त्यांचे हात धरले, दमयंतीने पेढे आणले. पण ते सगळं दुपारचं. त्या वेळी धक्क्यावर सानिका पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या हळू बोलली, "एक वार."

राहीचं रडणं ओठावरच राहिलं.

"दोन वार."

आणि ती थांबली. राहीचे काळेभोर डोळे आईच्या ओठांवर येऊन टेकले. हलेनात. सगळं अंग कान करून ती वाट बघत होती. सानिकाला पुढचं म्हणायचं होतं, पण ती त्या डोळ्यांकडे बघतच राहिली. जिला आजवर सगळ्यांनी हळू बोल म्हणून सांगितलं, तिला पहिल्यांदा कुणीतरी पुढे बोल म्हणत होतं. पोरीने वाट बघून बघून शेवटी आईच्या बरगडीवर एक लाथ मारली.

"तीन वार गो बाय," सानिका म्हणाली, "तीन वार."