एक्केचाळीस बरोबर, एक फुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? आपली ओळख नाही, म्हणूनच असेल. तोंडात नासकं काहीतरी धरून माणसानं किती वर्षं हसतमुख राहायचं?

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात धुळ्याला आमचं प्रशिक्षण होतं. विषय अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाच्या शेवटी मुलांना नेमकं काय यायला हवं त्याची यादी. पेशीचे भाग ओळखतो, सजीवांचं वर्गीकरण करतो, प्रयोगाची आकृती काढून नावं देतो — अशी. आमच्या गटाची पहिली निष्पत्ती मी लिहिली: विद्यार्थी प्रत्यक्ष जे दिसते तेच नोंदवतो. प्रशिक्षण घेणाऱ्या साहेबांनी ते वाक्य पडद्यावर लावलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, विज्ञानाचा सगळा गाभा मॅडमनी एका ओळीत आणला. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. लाज वाटली असं म्हणून मी सुटणार नाही, मला स्वतःची किळस आली. जेवणाच्या सुट्टीत भरीत-पुरीचं ताट तसंच ठेवून मी बेसिनशी उभी राहिले आणि उगाचच हात धूत बसले.

थोडं मागचं सांगते. मागचं सांगण्यात पळवाट असते, हेही मला कळतं.

कॉलेजात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला, तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मागे रांग होती. सरांनी विचारलं, दिसलं? मी म्हणाले, हो सर. पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवली, मार्क मिळाले. पुढे तीन वर्षं हेच केलं आणि नोकरीला लागले तेव्हाही तेच. शाळेतला मायक्रोस्कोप लाकडी पेटीत, पेटी कपाटात, किल्ली माझ्याकडे. मुलं कांद्याच्या पापुद्र्याची आकृती फळ्यावरून उतरवायची. पेशी आयुष्यात कधी न पाहिलेली बाई पेशी शिकवत होती, आणि निकाल चांगला लागत होता.

मग एका वर्षी तपासणी येणार म्हणून पेटी उघडावी लागली.

त्या वर्गात बेचाळीस मुलं होती. त्यात रमिला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी, इथं वसतिगृहात राहायची. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना विचारलं होतं, पुढे काय व्हायचंय? बाकीचे डॉक्टर, इंजिनिअर म्हणून मोकळे झाले. ती म्हणाली, आमच्याकडे ताप आला की काचेवर रक्त घेऊन जातात आणि मलेरिया आहे की नाही ते आठ दिवसांनी कळतं, तोवर माणूस कधीकधी राहत नाही. मला ती काच बघायला शिकायचं आहे. काच बघायची! मला त्या वेळी गंमत वाटली होती.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला, भिंगांची चकती फिरवली, डोळा लावला. काळोख. मला वाटलं, नेहमीसारखंच, आपल्याच डोळ्यात खोट आहे. आणि मी मुलांना रांगेत बोलावलं. कळतंय ना मी काय केलं? मला दिसत नव्हतं आणि मी म्हणाले, या, बघा.

पहिली मुलगी हुशार. वाकली, सरळ झाली, म्हणाली, दिसल्या मॅडम, विटांसारख्या. पुस्तकात तसंच लिहिलंय. मग सगळ्यांनाच विटा दिसल्या. कुणाला तर केंद्रकही दिसलं. मी वहीत बरोबरच्या खुणा करत गेले.

रमिला आली. तिनं डावा डोळा लावला, मग उजवा. पुष्कळ वेळ बघितलं. रांग थांबली, मागे कुजबुज सुरू झाली. मग मान वर करून ती म्हणाली, "मॅडम, अंधार शे. काहीच दिसत नाही."

वर्ग हसला. आणि मी म्हणाले, "जंगलातलं पाखरू ओळखता तुम्ही लांबून, आणि इथं नाकासमोरचं दिसत नाही?" 'तुम्ही' म्हणाले मी. 'तू' नाही. त्या एका शब्दात तिचा पाडा, तिचे आईबाप, सगळे आले. वर्ग आणखी जोरात हसला. मी तिच्या जर्नलमध्ये लाल शाईनं लिहिलं, निरीक्षण जमत नाही. वहीत तिच्या नावापुढे फुली मारली.

तास संपला, वर्ग रिकामा झाला. पेटीत ठेवण्यासाठी मी मायक्रोस्कोप उचलला, तर ती भिंगांची चकती अर्धवट फिरलेली होती. दोन भिंगांच्या मधे अडकलेली. म्हणजे खालचा उजेड वर येणारच नव्हता. मी ती फिरवली. कट्ट आवाज झाला. डोळा लावला — आणि पेशी दिसल्या. लांबट, एकाला एक चिकटून, आणि प्रत्येकीत एक ठिपका. आयुष्यात पहिल्यांदा. इतक्या सुंदर होत्या.

खिडकीतून बाहेर नळ दिसत होता. नळावर रमिला ओंजळीनं डोळ्यांवर पाणी मारत होती. पुन्हा पुन्हा. डोळे पुसायची, दूरवर बघायची, परत पाणी मारायची.

फक्त हाक मारायची होती. रमिला, ये, चूक माझी होती, तूच एकटी खरं बोललीस. पण मग बाकीच्या एक्केचाळीस जणांचं काय? माझं काय? तपासणी चार दिवसांवर होती. मी पेटी बंद केली, कुलूप लावलं.

तिला वेड लागल्यासारखं झालं होतं म्हणे. वसतिगृहात मुलींना बोटं दाखवायला सांगून स्वतःची नजर तपासायची. दहा-बारा दिवसांनी तिचे वडील आले. मुलीला सायन्समधून काढून आर्ट्सला टाकायचं होतं, आपल्याला नजर नाही म्हणून तीच हट्ट धरून बसली होती. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. खुर्ची होती, मी बसा म्हटलं नाही. ते म्हणाले, "मनी पोर खोटं नई बोलस, मॅडम. तिले दिसनं नई, तिनी सांगं. त्याम्हा काय चुकनं?"

काहीच चुकलं नव्हतं. मी म्हणाले, सायन्स तिला झेपणार नाही. प्राचार्यांनी माझं मत विचारलं तेव्हाही तेच सांगितलं आणि अर्जावर सही केली. सही नेहमीसारखी नीट आली.

आता धुळ्याचं उरलेलं सांगते. प्रशिक्षण संपवून मी स्टँडवर आले, चोपड्याच्या गाडीत चढले. अमळनेरला उतरायचं होतं. मागच्या सीटवरून कुणीतरी हाक मारली. रमिला. आता तिच्या पाड्याची आशाताई आहे. बाळंतपणात अडलेली बाई घेऊन सरकारी दवाखान्यात आली होती, तिला भरती करून परत निघाली होती. तिनं मला खिडकीची जागा दिली, पिशवीतून बोरं काढून दिली. मला चढताना पाहिलं होतं म्हणून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी विचारलं, काम कसं चाललंय?

ती म्हणाली, "ताप येनारनी काच मीच बनाई देस, मॅडम. देखानं काम तालुकाले. मनी नजर नई ना तशी. तुम्ही तव्हयच सांगेल व्हतं, बरं झायं."

बरं झालं म्हणाली. मनापासून म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता. काचेचा निकाल अजून उशिरा येतो का, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

अमळनेर यायला पुरता एक तास होता. शेजारीशेजारी बसलो होतो, खांद्याला खांदा लागत होता. "चकती अर्धवट फिरली होती" — एवढंच वाक्य. ते मला तेव्हाही येत होतं, आजही येतं. त्या तासाभरात मी उन्हाबद्दल बोलले, कापसाबद्दल बोलले, तिच्या मुलीचं नाव विचारलं. मुलगी आठवीत आहे, तिला विज्ञान आवडतं म्हणे. रमिला हसून म्हणाली, तिला चष्मा लावून आणलाय, उगाच माझ्यासारखं नको व्हायला. नंबर नाही निघाला, तरी लावला.

मी म्हणाले, छान केलंस. आणि उतरले.