गाऱ्हाण्यात गिटार

रॉक म्हणजे स्वतःला व्यक्त करणं, असं मी गिटारच्या क्लासात मुलांना छातीठोकपणे सांगतो. घरी बाबा म्हणतात, "हो व्यक्त, पण खिडकी लावून."

बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी कॉलेजपासून वाजवतोय, पण बाबा माझ्या एकाही कार्यक्रमाला आलेले नाहीत. भिंतीपलीकडून ऐकतात, ते ऐकणं नव्हे, सोसणं. मला त्याचं वाईट वाटतं. पबमध्ये तरी दाद कुठे मिळते म्हणा! "कसे आहात, अंधेरी?" असं मी जीव खाऊन ओरडतो, तेव्हा एखादा वेटर मान हलवतो.

बाबांना मात्र दाद हुकमी मिळते. गणपतीत आरती झाली की ते गाऱ्हाणं घालतात. आमची कोकणातली रीत: घरातल्या मोठ्याने देवापुढे एकेक मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. सगळ्यांची तब्येत, मुलांच्या परीक्षा झाल्या की दरवर्षी माझा नंबर लागतो.

"ह्या झिलाच्या हातातली गिटार सुटांदे आणि तेका एक बरीशी नोकरी मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा मजला गरजतो. त्यात मोदक हाणायला आलेला आमचा ड्रमरही असतो. एका वर्षी तर सवयीने मीच ओरडलो.

यंदा बाबांचा घसा बसला. आरती संपल्यावर त्यांनी मला पुढे ढकललं. "तूच घाल. आणि टँव टँव नको, नीट बोल."

गिटारशिवाय लोकांपुढे उभं राहायची मला सवय नाही. हातांचं काय करायचं कळेना, ते जोडायचे होते म्हणून निभावलं. पहिल्याच मागण्याला असा गजर उठला की अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी हेच अंधेरीत शोधत होतो! मग मी सुटलोच. सोसायटीचं पाणी, आईचे गुडघे, ड्रमरचं लग्न, सगळं मागून घेतलं. शेवटचं मागणं मात्र माझं स्वतःचं होतं.

"बा देवा म्हाराजा, शनवारी अंधेरीक माझो कार्यक्रम आसा. माझ्या बापाशीक एकदा तरी येवन ऐकूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत शेवटी थांबलेला आवाज बसलेल्या घशाचा होता. म्हणून झाल्यावर बाबांनी खाडकन डोळे उघडले, पण तोवर देवाने ऐकलं होतं.