माझं रडणं त्यांनी मैदानावर आणलं

पहिला गोल आमच्यावर बसला तेव्हा पायऱ्यांवरची पोरं-पोरी नाचली. ते चालतं. गोल झाला की नाचायचंच. मग एका कोपऱ्यातून रडण्याचा आवाज आला. खोटा. हेल काढलेला. एकाने सुरू केलं, शेजारच्यांनी धरलं, मग सगळ्या पायऱ्या रडायला लागल्या. मधे ढोलाचे दोन ठोके. पुन्हा रडणं. पुन्हा ठोके.

"आते मन्या पोरीस्ले कोण लई जाई वं माय!"

आता माझ्या पोरींना कोण नेणार गं आई. आमची अहिराणी. त्या मोठ्या शाळेत, जिथं मैदानावर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं खोटं गवत आहे, जिथं पोरं आपसात इंग्रजी नाहीतर गुजराती बोलतात, तिथं माझी अहिराणी. ते शब्दही माझेच. नवरा गेला तेव्हा मी माझ्या दारात बसून हेच म्हणून रडले होते.

मी सुरतेतल्या लिंबायतची. घरी बसून साड्यांना लेस लावते. लहानपणी भुसावळला रेल्वेच्या मैदानावर भावांबरोबर फुटबॉल खेळायचे, तो पायातून गेला नाही. लग्न होऊन सुरतेला आले. मूल झालं नाही. लोक बोलायचे ते बोलायचे. मग गल्लीतल्या पोरी गोळा केल्या आणि शिकवायला लागले. नवऱ्याची रिक्षा होती. मॅच असली की तो धंदा सोडून पोरींना मैदानावर न्यायचा. एका रिक्षात मावायच्या नाहीत. दोन फेऱ्या मारायचा. पहिल्या फेरीत कोण बसणार म्हणून पोरी भांडायच्या, तो हसायचा. त्याला फुटबॉलातलं काही कळत नव्हतं. ऑफसाइड काय ते मी त्याला किती वेळा सांगितलं, शेवटपर्यंत डोक्यात शिरलं नाही. पण पोरी त्याच्या होत्या. माझ्याइतक्याच.

एका सकाळी रिक्षा पुसता पुसता छातीत कळ आली आणि तिथंच बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्यात माणूस गेलं की लोक दारावर येतात. दार बंद करायचं नसतं. कोण आलं, का आलं, विचारायचं नसतं. येईल त्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि बोलून रडायचं. मुकं रडत नाहीत आमच्यात. जे मनात आहे ते सगळं रडण्यात सांगायचं. नवं माणूस आलं की पुन्हा पहिल्यापासून. घसा बसतो, तरी रडायचं. त्या दिवसांत बाईला लाज नसते, आणि तिची लाज कोणी काढायची नसते. एवढं दारावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला असं वाटायचं.

मॅडम आल्या होत्या. त्या शाळेत शिकवतात. मराठीच, खान्देशातल्याच. आमच्या पोरींना पहिल्यांदा त्या शाळेच्या मैदानावर खेळायला त्यांनीच बोलावलं. मला ताई म्हणायच्या. शाळेत शुद्ध मराठी, पण माझ्या घरी जमिनीवर बसून माझ्याशी अहिराणीत बोलायच्या. मला त्याचं फार अप्रूप होतं. एवढी शिकलेली बाई आपल्यासारखं बोलते. मी गल्लीभर सांगायचे.

त्या आल्या तेव्हा मी त्यांच्याही गळ्यात पडले, त्याही रडल्या. मग दुसऱ्या बायका आल्या. मॅडम भिंतीशी सरकून उभ्या राहिल्या. मोबाइल छातीशी धरला होता. मला वाटलं गहिवरून आलंय, हात कुठे ठेवावा सुचत नाही. मी रडत राहिले. आते मन्या पोरीस्ले कोण लई जाई.

महिना-दीड महिना झाला असेल. मॅचचं ठरलेलं होतं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि ही चालली शिट्टी घेऊन. सासू दारात बसली होती. माझ्यापेक्षा तिचं दुःख मोठं, तिचा पोटचा गेला होता. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "जाय. तो ऱ्हाता तर लई जाता." मी गेले. पोरींना घेऊन बसने गेले.

तिथं हे.

दुसरा गोल बसला. पुन्हा रडणं. या वेळी काही पोरांनी डोक्यावर पदर घेतल्यासारखी जॅकेटं घेतली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली. पालक बसले होते. चांगले कपडे, गॉगल. काही हसत होते, काही मोबाइलवर काढत होते. माझ्या रडण्याची नक्कल मोबाइलवर काढत होते.

मी रेफरीकडे गेले. तो म्हणाला, "बेन, बेसी जाव. छोकरां छे." बसा, पोरंच आहेत म्हणे.

आमची गोलकीपर सोनी माझ्याकडे बघत नव्हती. हाफ टाइमला तिला धरून विचारलं. ती बुटाची लेस सोडत आणि बांधत बसली. मग म्हणाली, "ताई, हमको पता था। वो वीडियो सबके पास है।"

पोरींना माहीत होतं. माझ्यापासून लपवलं होतं. मला त्रास नको म्हणून त्या चेष्टा सहन करत ह्याच मैदानावर खेळायला आल्या होत्या. मी त्यांना घेऊन आले नव्हते, त्या मला घेऊन आल्या होत्या.

व्हिडिओ माझ्या दारातल्या रडण्याचाच असणार. आणि मोबाइल छातीशी धरून एकच बाई उभी होती.

मॅडम पायऱ्यांच्या खालीच होत्या. पोरांना हाताने हळू, हळू असं दाखवत होत्या. चेहऱ्यावर हसू. आपल्या मुलांचा खोडकरपणा आवडतो तसं. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांचं हसू गेलं, पण लगेच नाही.

"अगं, मी वाईट हेतूने नाही काढला," त्या म्हणाल्या. "मदत मिळावी म्हणून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. मुलांनी उचलला. त्यांना अर्थही कळत नाही. मनावर नको घेऊस."

"त्यास्ले नई कयत. तुमले तर कयस ना?"

त्या इकडे तिकडे बघायला लागल्या. आजूबाजूला पालक होते. मी अहिराणीत बोलले याचीच त्यांना लाज वाटली. माझ्या घरात ही बाई हीच भाषा बोलायची. तेव्हा मला कळलं. माझ्याकडे ती गावाकडे आल्यासारखी यायची. जमिनीवर बसायचं, ठेचा खायचा, जुन्या बोलीत बोलायचं, आणि परत जायचं. जाताना या वेळी माझं रडणं घेऊन गेली.

पोरांचा राग आला. पण त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांचा माझा काय संबंध. फसवलं तिनं, जी माझ्या गळ्यात पडून रडली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, हे मी आजही म्हणते. म्हणून तर जास्त जळतं.

मॅच हरलो. तिसऱ्या गोलाला सोनीने हातच उचलला नाही.

मग माइक सुरू झाला. मॅडमच बोलत होत्या. एका शोकाकुल भगिनीचा व्हिडिओ पाहून पालकांची मनं कशी हेलावली, सगळ्यांनी मिळून या गरीब मुलींसाठी नवीन बूट कसे आणले. टेबलावर खोक्यांची चळत. मला पुढं बोलावलं. फोटोवाला तयार. जे पालक मघाशी हसत होते तेच आता टाळ्या वाजवत होते.

बूट आम्हाला हवे होते. खोटं कशाला बोलू. आमच्या पोरींचे बूट पुढून उघडलेले, आत कागद कोंबून घालायच्या. मी पोरींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर घेतले असते.

मी माइक घेतला.

"मी मना धनीसाठे रडनू. बूटसाठे नई."

कोणाला समजलं नाही. एक-दोन टाळ्याही पडल्या. मग मी हिंदीत सांगितलं. "मैं अपने आदमी के लिए रोई थी। जूतों के लिए नहीं। जूते रख लो। मेरा रोना वापस करो।"

टाळ्या थांबल्या. मॅडमनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला. मी मागे फिरले. तेवढ्यात आमच्यातल्या एका पोरीने एक खोकं उचललं होतं. धाकटी होती. मी तिला थांबवलं नाही. तिचा मला राग नाही.

बसमध्ये उधन्याच्या पुढं सोनी म्हणाली, "ताई, अगली बार उधर नहीं जाएँगे ना?"

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, प्लास्टिक टाकून. दीर म्हणत होता विकून टाकू, उभी राहून गंजेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लास्टिक ओढून काढलं. सीटखाली त्याचं पुसायचं फडकं तसंच होतं. त्या फडक्याने काच पुसली. मोठ्याने रडले. दारात नाही, रिक्षात बसून, एकटी. मग दिराला म्हटलं, विकायची नाही. शिकव.

डिंडोलीच्या मोकळ्या मैदानावर शिकले. पोरी मागे बसून ओरडायच्या, मी खड्ड्यात घालायचे. आता रीतसर लायसन्स आहे. बायका बघतात, पुरुष हॉर्न मारतात. मारू देत.

आमच्या गल्लीत आणखी एक झालं. मधे शेजारचे बाबा गेले. लोक दारावर यायला लागले तशी मी जाऊन ओट्यावर बसले. चपला जिथं काढतात तिथं एक टोपली ठेवली. चपला खाली, मोबाइल टोपलीत, मग आत. एक-दोघे चिडले. चिडू देत. आत बाई रडते आहे. दार उघडंच राहील, पण आत येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं.

पुढच्या मॅचचं पत्रक आलं. पुन्हा तीच शाळा, तेच मैदान. मॅडमचा मेसेजही आला: "झालं गेलं विसर. मोठ्या मनाने ये." मन मोठं मीच करायचं. दरवेळी.

सोनीने विचारलं, "उधर ही?"

उधर ही. दोन फेऱ्या मारीन. रिक्षा त्यांच्या फाटकासमोर लावीन, त्यांच्या गाड्यांच्या रांगेत. पायऱ्यांवरून ते पुन्हा रडतील, रडू देत. आते मन्या पोरीस्ले कोण लई जाई, असं ओरडले की मी मैदानाच्या कडेला उभी राहून चावी वर धरीन आणि माझ्या बोलीत सांगीन, मी लई जासू. त्याचा अर्थ त्या पोरांना मॅडमनीच सांगावा.